काच चाटणारे मासे: लहानपणी सगळेच गुणी

कोल्हापुरात कुठल्याही फिशटँकच्या दुकानात जा आणि "काचेवर शेवाळ धरतंय" एवढंच म्हणा, मालक जाळी घेऊन उठलाच. "सकर टाका की भाऊ, काच बघा कशी चकाचक हुतीया." बोटाएवढा काळपट मासा पिशवीत, पिशवीला रबर, चाळीस-पन्नास रुपये, विषय संपला. दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही. तो बोटाएवढा मासा खरंच काच चाटतो. वीतभर झाल्यावर तो काय करतो हे मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ऑफिसात खिडकीला लागून तीन फुटी टँक, घरी मंगळवार पेठेत चार फुटी. ऑफिसच्या टँकवर दुपारनंतर पश्चिमेचं ऊन येतं, त्यामुळं शेवाळाला तोटा नाही. टँक तिथून हलवा असं सगळे सांगतात. पण जेवणाच्या सुट्टीत मला मासे समोर दिसायला पाहिजेत, म्हणून तो तिथंच राहणार. आपल्या बाजारात शेवाळ खाणारे म्हणून जे जे मासे मिळतात ते बहुतेक सगळे बघून झालेत, काही माझ्याकडं, काही थोरल्या भावाकडं, काही मेव्हण्याकडं. तेव्हा हा रिव्ह्यू माशांचा आहे, कुठल्या दुकानाचा नाही. मार्क द्यायची माझी एकच अट: मासा पूर्ण वाढल्यावर कसा वागतो त्याचे मार्क. पिल्लाला मार्क द्यायचे तर सगळेच पहिल्या वर्गात पास.

सुरुवात सकरपासूनच करू, कारण कोल्हापुरातल्या दर दुसऱ्या टँकमध्ये हा भाऊ असतोच. आपल्याकडं सकर म्हणून विकला जाणारा मासा दक्षिण अमेरिकेतला, बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस जातीचा. अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, पाठीवर शिडासारखा उभा पंख, खाली चिकटणारं तोंड. दुकानात दोन इंची असतो. नीट खायला मिळालं तर फूटभर सहज होतो, दीड फुटापर्यंतही जातो. आता तीन फुटी टँकमध्ये दीड फुटाचा मासा वळणार कसा, हे गणित तुम्हीच करा.

थोरल्या भावाकडं असा एक होता. पहिले काही महिने काच खरोखर लखलखीत. मग साहेबांच्या लक्षात आलं की वरून रोज गोळ्या पडतात, त्या खाली येतात आणि त्याला फार कष्ट नाहीत. तिथून शेवाळाशी संबंध तुटला. दिवसभर फिल्टरमागं पडून राहायचा, रात्री सगळा टँक नांगरायचा. लावलेली झाडं सकाळी पाण्यावर तरंगताना सापडायची. आणि घाण! लांबलचक दोऱ्यासारखी विष्ठा सगळ्या टँकभर. त्या घाणीतून पाण्यात नायट्रेट वाढतं, फॉस्फेट वाढतं, आणि त्याच्यावर परत शेवाळ फोफावतं. म्हणजे शेवाळ कमी करायला आणलेला गडी शेवाळाचं खत करत बसला. ह्याला काय म्हणायचं सांगा.

बरं, मोठा झालेला सकर परत कोण घेत नाही. भावानं विचारलं तेव्हा दुकानात हसले. मग फुकटचा सल्ला येतो: रंकाळ्यात सोडा नाहीतर पंचगंगेत. हे मात्र अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. हा मासा पाण्याबाहेरही कित्येक तास जिवंत राहतो, पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून श्वास घेतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. केरळात, आंध्रात, कोलकात्याच्या पाणथळीत त्यानं ठाण मांडलंय. आपल्या उजनीतसुद्धा तो जाळ्यात येतो, तिकडं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. काटेरी पंखांनी जाळी फाडतो, बाजारात भाव नाही, मच्छीमारांच्या डोक्याला नुसता ताप. पंचगंगेला आधीच काय कमी दुखणी आहेत? भावाचा सकर शेवटी एका ओळखीच्यांच्या फार्महाऊसवरच्या मोठ्या सिमेंटच्या हौदात गेला. चारी बाजूंनी बंद हौद, ओढ्याशी संबंध नाही, हे बघून मगच दिला.

सकर: दहापैकी दोन. ते दोन पहिल्या काही महिन्यांचे.

दुसरा नंबर गोल्डन अल्गी ईटर. हा दिसायला फक्कड, हळदीच्या रंगाचा, लांबट. मूळचा थायलंड, लाओस, कंबोडियाकडचा. नाव चायनीज अल्गी ईटर पडलंय, पण त्याचं घर मेकाँगच्या खोऱ्यात. ह्याच्या कल्ल्यापाशी वरच्या बाजूला पाणी आत घ्यायला वेगळं छिद्र असतं, त्यामुळं तोंड दगडाला चिकटलेलं असतानाही श्वास चालू राहतो. वाहत्या पाण्यात राहणाऱ्या माशाला ही सोय फार कामाची. लहानपणी काम चोख करतो, हे कबूल. मोठा झाला की त्याची गाडी शेवाळावरून दुसऱ्या माशांच्या अंगावर जाते. माशांच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याला आवडायला लागतो. मेव्हण्याच्या टँकमध्ये चार एंजल होते. एंजल म्हणजे चपटा, निवांत मासा, पळून पळून किती पळणार? हा त्यांच्या कुशीला जाऊन चिकटायचा. खवले गेलेले, लाल चट्टे पडलेले, एक एंजल त्यातच गेला. बहिणीनं मेव्हण्याला दिलेला आहेर इथं लिहिण्यासारखा नाही. डिस्कस, एंजल, गोल्डफिश ज्यांच्याकडं आहेत त्यांनी हा मासा नुसता बघावा आणि दुकानातच ठेवून यावा. दहापैकी एक, तोही रंगाला.

आता कामाच्या माशांकडं येऊ.

सियामीज अल्गी ईटर. ह्याला पैसे जास्त पडतात, मी दीडशेच्या आसपास दिले होते, आणि खरा मिळेलच ह्याची खात्री नाही. त्याच पेटीत दोन-तीन सारखे दिसणारे मासे एकत्र पोहत असतात. ओळख सांगतो, दुकानात काचेला नाक लावून बघा. खऱ्या सियामीजच्या अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या पंखातून थेट शेवटच्या टोकापर्यंत जाते, आणि बाकीचे पंख पारदर्शक, बिनरंगी. पट्टी शेपटीच्या मुळाशीच थांबली असेल तर तो दुसरा कुणीतरी. पट्टीच्या वर सोनेरी रेघ ठसठशीत असेल आणि पंखांवर काळं-पांढरं असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, तो वाढल्यावर भांडखोर होतो आणि शेवाळात त्याला तेवढा रस नसतो. दुकानातली पोरं तिघांनाही एकच नाव सांगतात, त्यांचा दोष नाही, वरून माल तसाच येतो.

खरा मिळाला तर मात्र हा मासा असं काम करतो की जे दुसरा कोण करत नाही. फिल्टरच्या तोंडावर, लाकडाच्या कडेला, जुन्या पानांच्या काठाला काळ्या केसांचे झुबके येतात. ही काळी दाढी हातानं निघत नाही, ब्रशनं निघत नाही. लाकूड बाहेर काढून घासा, पंधरा दिवसांत परत हजर. माझ्या घरच्या टँकमध्ये तीन सियामीज सोडले आणि आधी काहीच झालं नाही. कारण साधं होतं, त्यांना पोटभर फ्लेक्स मिळत होते. दाणा निम्म्यावर आणला, तेव्हा कुठं हे पठ्ठे कामाला लागले. फिल्टरच्या पाईपवर आडवे बसून झुबका तोंडात धरायचा, मान हिसकायची, तुकडा तोडायचा. पाईप हळूहळू परत हिरवा दिसायला लागला, म्हणजे मूळचा प्लास्टिकचा रंग, शेवाळाचा नव्हे.

उणं काय? एक, हा पाच-सहा इंच होतो, तेव्हा दोन फुटी टँकवाल्यांनी विचार सोडावा. दोन, वय झालं की हाही दाण्याकडं वळतो, शेवाळ खाण्याचा उत्साह आटतो. तीन, उडी मारतो. टँकवर झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सापडेल. दहापैकी आठ.

ओटो, म्हणजे ओटोसिंक्लस. जेमतेम दीड इंचाचा, ब्राझीलकडचा, अंगावर एक काळी रेघ, स्वभावानं गरीब. नव्या टँकमध्ये काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो ना, त्याच्यावर ह्याचा हात धरणारा कुणी नाही. पानाला ओरखडा न पाडता पान पुसून काढतो. पण ह्या माशाचा सगळा हिशोब पोटावर आहे. ओटो बहुतेक करून नदीतून पकडून आणलेले असतात, तिथून आपल्यापर्यंत येईतो त्यांना खायला मिळालेलं नसतं, आणि तुमच्या घरी आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच गळतात. म्हणून घेताना वरून बघायचं नाही. काचेला चिकटलेला असताना पोट बघायचं. गोल, फुगीर पोट असेल तर घ्या. आत खोल गेलेलं असेल तर तो मासा कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. आणि एकटा नको, पाच-सहा एकत्र. टँक जुना, मुरलेला पाहिजे, अगदी आठवड्यापूर्वी भरलेल्या टँकमध्ये ओटो सोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. तपकिरी थर संपला की त्याला दोडक्याची चकती द्यायला लागते. ज्याच्याकडं लक्ष द्यायला वेळ आहे त्याच्यासाठी दहापैकी सात. ज्याला मासा टाकून विसरायचं आहे त्याच्यासाठी शून्य.

आणि आता माझा लाडका, ब्रिसलनोज. सकरचाच चुलतभाऊ, तोही दक्षिण अमेरिकेचा, पण वाढतो फार तर चार-पाच इंच. त्यामुळं मोठा झाल्यावर काय, ह्या प्रश्नाला इथं सरळ उत्तर आहे: मोठा झाल्यावरही तो काच चाटतो. नराच्या नाकावर फांद्या फुटल्यागत मांसल मिशा येतात, मादीला नाहीत किंवा असल्या तर नावापुरत्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो भयानक वाटतो. माझी बायको आठवडाभर टँकजवळ गेली नव्हती, आता तीच दुधीचा तुकडा त्याच्यासाठी बाजूला काढते.

ह्याचं काम बघायचं तर रात्री. ऑफिसातले सगळे दिवे घालवले, मोबाईलचा टॉर्च लांबूनच तिरका धरला, तेव्हा दिसतो. काचेला पोट लावून बसलेला, तोंडाची गोल चकती सपाट चिकटलेली, आणि चकतीच्या मधोमध बारीक दातांच्या दोन ओळी खालीवर, खालीवर. थांबत नाही. एक घास घेतला की अंगुळभर सरकतो, परत तेच. जिथनं गेला तिथं हिरव्या काचेवर स्वच्छ पट्टा, लेथवर फेसिंगचा, म्हणजे लोखंडाचं तोंड सपाट करायचा, एक पास मारावा तसा. दोन पट्ट्यांच्या मधे सुटलेली बारीक रेघ दुसऱ्या रात्री जाते. टॉर्च जवळ नेला की डोळ्यात एक गंमत दिसते. बाहुलीवर वरून एक पाळ खाली उतरते आणि उजेड अडवते, बाहुली चंद्रकोरीएवढी उरते. अंधार झाला की पाळ परत वर.

टँकमध्ये लाकूड असलेलं बरं. लाकूड खरवडत बसणं त्याला आवडतं. आठवड्यातून दोनदा दोडका, काकडी नाहीतर दुधी. दोडका जरा वाफवून घ्यायचा, नाहीतर तरंगतो. आमच्याकडं स्टीलच्या चमच्याला दोऱ्यानं बांधून तळाला सोडतात. रात्री टाकायचा, सकाळी उरलेला काढायचा, विसरलात तर पाणी नासलंच.

वर्कशॉपात पीव्हीसी पाईपचे तुकडे पडलेलेच असतात. दोन इंची पाईपचा वीतभर तुकडा, एका बाजूला टोपी, असा आडवा ठेवला. नर त्याच्यात जाऊन बसला आणि पुढं एक दिवस आत नारिंगी अंड्यांचा घोस. मादी अंडी देऊन मोकळी, राखण नराकडं. पंखांनी पाणी घालत बसतो, खायलाही बाहेर येत नाही. पिल्लं बाहेर पडली की टँकच्या चारी काचांवर ठिपके चिकटलेले दिसतात. तेवढ्या काळात माझ्या ऑफिसची काच, पश्चिमेचं ऊन पडूनसुद्धा, गावात कुणाच्या टँकची नसेल एवढी स्वच्छ होती. दोन नर मात्र एका छोट्या टँकमध्ये ठेवू नका, गुहेवरून मारामाऱ्या होतात. आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की ह्याला हवा कमी पडते. एअर पंप चालू पाहिजे, वळवाच्या पावसात लाईट जाते तेव्हा बॅटरीवरचा पंप हाताशी पाहिजे. किंमत दोनशेच्या आतबाहेर. दहापैकी नऊ. एक कापला तो विष्ठेचा, घाण हाही करतोच.

ब्लॅक मॉलीचं नाव ह्या यादीत बघून काही लोक नाक मुरडतील. पण पाण्यावर तरंगणारे हिरवे तंतू, पानांवरचं मऊ शेवाळ हे ती दिवसभर टोचत असते, वीस-तीस रुपयांत मिळते, आणि वाढून वाढून ती मॉलीच राहते. पोरं एवढी काढते की शेजाऱ्यांना वाटावी लागतात. दहापैकी सहा.

जाता जाता आपल्या मातीतला एक. राधानगरीकडच्या ओढ्यांत, वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून बसणारा जो काळपट मासा असतो, तो गारा मुल्या. कर्नल साईक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 मध्ये दख्खनच्या माशांत त्याची नोंद केली. खडकावरचं शेवाळ खरवडणं हेच त्याचं आयुष्य, म्हणजे वरच्या सगळ्या परदेशी मंडळींचं काम तो फुकटात करतो. पण त्याला गार, खळाळतं पाणी लागतं. आपल्या साचलेल्या, तापलेल्या टँकमध्ये त्याला आणून बसवणं काही खरं नाही, आणि अभयारण्यातून मासे उचलणं तर गुन्हाच. त्याला ओढ्यावर बसून बघायचं. मार्क देत नाही, तो विक्रीला नाही.

आता एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत: काही शेवाळ कुठलाच मासा खात नाही. काचेवर टाचणीच्या डोक्याएवढे कडक हिरवे ठिपके असतील तर ब्लेड घ्या, माशाची वाट बघू नका. सगळं पाणीच हिरवं झालं असेल तर ते शेवाळ पाण्यात तरंगतंय, ते चाटायला काही चिकटलेलं नाही. रंकाळा उन्हाळ्यात हिरवा पडतो तेव्हा काठावरून बघितलंय ना, तसलाच प्रकार. दगडांवर निळसर हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी चादर आली असेल तर ते जिवाणू आहेत, त्याला सकर, ओटो, कुणीच तोंड लावत नाही. तिथं हातानं काढा, पाणी बदला, दाणा कमी करा, लाईट सहा-सात तासांवर आणा. दीड-दोनशे रुपयांचा टायमर लावला तर तेही आपोआप होतं. थेट पाईपलाईनचं पाणी असो की टँकरचं, नळाचं क्लोरीन मारायचे थेंब टाकल्याशिवाय टँकमध्ये ओतू नका.

खरेदीचं म्हणाल तर राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत दुकानं आहेत, माल थोड्याफार फरकानं सारखाच. माल आला त्याच दिवशी घेऊ नका, चार दिवस दुकानदाराकडं राहू द्या, जे मरायचे ते तिथं मरतात. ज्या पेटीत एक मेलेला पडलाय त्या पेटीतला दुसरा घेऊ नका. आणि घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा: "मालक, हा केवढा होतो?" जो "बसतोय की तुमच्या टँकमध्ये" असं म्हणतो त्याला दुसऱ्यांदा विचारा. एका दुकानात मला मालकानं हातानं कोपरापर्यंत माप दाखवलं आणि म्हणाला, "सकर नको तुम्हांला, ब्रिसलनोज पुढच्या आठवड्यात येतील, थांबा." मी थांबलो. तेव्हापासून दाणासुद्धा तिथूनच घेतो.

ब्रिसलनोजची पिल्लं सध्या माझ्याकडं आहेत, अंगठ्याच्या पेराएवढी झालीत. तीन फुटी टँक, आत लाकूड आणि वर झाकण असलेल्यांना फुकट देतो. टँकमध्ये सकर असेल तर आधी त्याची सोय लावा, मग या.